ताडोबाच्या गेटामागची गोष्ट: शाश्वत पर्यटन आपल्याकडं आलं कसं

शाश्वत पर्यटन म्हणजे काय हे आता ताडोबाच्या आसपासचा कोणताही रिसॉर्टवाला दोन मिनिटात सांगून देते. सोलर लावलं, प्लास्टिक बंद केलं, झालं शाश्वत. पण आपल्या विदर्भात हा विषय सोलरपासून सुरू झालाच नाही बाप्पा, तो सुरू झाला जंगल कोणाचं अन् त्यातून येणारा पैसा कोणाच्या खिशात जाते यावरून, म्हणून थोडं मागं जाऊन लिहितो.

ताडोबा नॅशनल पार्क झालं १९५५ ला. महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं म्हणतात त्याला, पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता. क्षेत्र साधारण ११६ चौरस किलोमीटर. तलावाच्या काठावर गोंड लोकांच्या तारू देवाचं ठाणं, पौषात जत्रा, अन् सरपण, बांबू, मोहफूल, डिंक सगळं आजूबाजूची गावं याच जंगलातून आणायची. मंग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ प्रकल्पात आपलं मेळघाट होतं. १९८६ ला अंधारी अभयारण्य झालं अन् नव्वदीच्या दशकात ताडोबा-अंधारी मिळून व्याघ्र प्रकल्प. या सगळ्यात पर्यटन कुठंच मोठं नव्हतं, मुद्दा वाघ वाचवायचा होता अन् गावाकडं बघायची नजर म्हणजे अडचण, एवढीच.

बाहेर जगात तेव्हा वेगळी चर्चा चालू होती. शाश्वत विकास म्हणजे काय हे मांडणारा १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल, १९९२ ची पर्यावरणावरची रिओ परिषद, अन् १९९५ ला स्पेनच्या लॅन्झारोटे बेटावर शाश्वत पर्यटनाची सनद, त्यात स्थानिक लोकांना न्याय मिळाला पाहिजे हे स्पष्ट लिहिलेलं. आपल्या गावापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही, पोचायचं कारणही नव्हतं.

खरा बदल २००६ नंतरचा. त्या साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं अन् त्याच साली वनहक्क कायदाही पास झाला, म्हणजे एक कायदा म्हणते कोअर, म्हणजे वाघासाठी राखलेला जंगलाचा आतला भाग, मोकळं ठेवा अन् दुसरा म्हणते जंगलावर गावाचा हक्क आहे, ही ओढाताण अजून संपली नाही. पुनर्वसनाचं पॅकेज आलं, कुटुंबामागं १० लाख, २०२१ ला ते १५ लाख झालं. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं उठली. नवेगाव-जामणीची शेतं होती तिथं आता गवताचे मोठे पट्टे आहेत, हरणं चरतात, मागं वाघ येते, अन् सफारीच्या जिप्स्यांची लाईन लागते ती तिथंच. फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत राहते की इथं कोणाच्यातरी धानाच्या बांध्या होत्या?

२०१० ला ताडोबाला साधारण ११०० चौरस किलोमीटरचं बफर, म्हणजे कोअरभोवतीचा पट्टा, जोडलं, त्यात जिवंत गावं. अन् जुलै २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोअरमधलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं. देशभर हॉटेलवाल्यांची धावपळ झाली, गाईड अन् जिप्सीवाल्या पोट्ट्यांचा जीव टांगणीला. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर बंदी उठली, पण कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्क्यातच पर्यटन, गाड्यांची संख्या ठरवायची, बाकी भार बफरवर न्यायचा असं ठरलं. माझ्या मते आज आपल्याकडं जे काही शाश्वत म्हणून चालू आहे ते या बंदीच्या धक्क्यातून आलं, कोणाच्या समजदारीतून नाही.

बफरचे गेट सुरू झाले, आगरझरी, जुनोना, मदनापूर वगैरे. गावच्या इको डेव्हलपमेंट कमिट्या (गावकऱ्यांच्या वनखात्यासोबतच्या समित्या), आगरझरीचं फुलपाखरू उद्यान, गाईडचं काम करणाऱ्या बाया, हे खरंच चांगलं झालं. २०१५ पासून जन वन विकास योजनेत बफरमधल्या गावांना गॅस वगैरे मिळू लागला, म्हणजे सरपणासाठी जंगलात जायची गरज कमी.

पण एक गोष्ट कोणत्याच ब्रोशरमध्ये नाही. सफारीचा तुफान सीझन कधी, तर मार्च ते मे, पाणवठे आटतात अन् वाघ उरलेल्या पाण्यावर हमखास दिसते. अन् मोहफूल मार्च-एप्रिलमध्येच पडते, भल्या पहाटे वेचावं लागते, खाली वाकून, मागून तेंदूपत्ता मे महिन्यात. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात त्यातली कितीतरी याच कामात. एकाच वेळी एक माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे भरते अन् दुसरा दिसू नये म्हणून देवाला हात जोडते. गेटाच्या पैशातला वाटा या दुसऱ्याच्या घरी किती पोचला, माझ्या हिशोबानं शाश्वतपणा तिथं मोजायला पाहिजे.

नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात एक वेगळं काम झालं, जानेवारी २०२४ ला त्याला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आकाश जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातलं पहिलं. त्यासाठी जवळच्या गावातले रस्त्यावरचे लाईट बदलून जमिनीकडं तोंड असलेले बसवले. यात कोणाला उठवावं लागलं नाही, कोणाचं मोहफूल बंद झालं नाही.

ताडोबाकडं मात्र भार आता बफरवर सरकला आहे. कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद राहते, बफर पावसातही चालू. रस्त्यालगतची जमीन शेतकरी विकत आहेत, तिथं स्विमिंग पूल होतात, अन् रिसॉर्टची बोअर किती खोल जाऊ द्यायची हा प्रश्न गावापुढं उभा राहते.