अभिजात मराठी : निकष, प्राकृत आणि निधी

मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याने केंद्राकडून किती निधी येणार, हा प्रश्न ३ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयापासून वारंवार विचारला जातो. या निर्णयामागची वाट मात्र मुख्यतः एका निकषाभोवती घोटाळत राहिली.

तमिळला २००४ मध्ये हा दर्जा देताना हजार वर्षांहून जुन्या साहित्याची अट होती. पुढच्याच वर्षी ती दीड ते दोन हजार वर्षांवर नेण्यात आली आणि मराठीची खरी अडचण तिथे सुरू झाली. शके ९३४ चा (इ.स. १०१२) मानला जाणारा अलिबागजवळच्या अक्षीचा मराठी शिलालेख हजार वर्षांच्या अटीच्या जेमतेम जवळ पोहोचला असता. नवी अट ‘लीळाचरित्र’ किंवा १२९० ची ‘ज्ञानेश्वरी’ दाखवून भागणारी नव्हती. म्हणून राज्य सरकारने २०१२ मध्ये नेमलेल्या समितीने नाणेघाटातील ब्राह्मी लेख आणि ‘गाथासप्तशती’ या सातवाहनकालीन प्राकृत काव्यसंग्रहापर्यंत मागे जाऊन, महाराष्ट्री ही प्राचीन प्राकृत भाषा, तिच्यानंतरची अपभ्रंश भाषा आणि आजची मराठी ही एकाच भाषेची रूपे आहेत, असे मांडले. अहवाल २०१३ मध्ये केंद्राकडे गेला. मल्याळमला त्याच वर्षी आणि ओडियाला २०१४ मध्ये दर्जा मिळाला. मराठीच्या वाट्याला आणखी दहा वर्षे स्मरणपत्रे आणि आश्वासने आली.

वादाचा भाग २०२४ चा आहे. वाङ्मयीन परंपरा स्वतःची असावी, दुसऱ्या भाषिक समाजाकडून उसनी घेतलेली नसावी, ही जुनी अट त्या वर्षी काढून तिच्या जागी काव्याबरोबर गद्य व ज्ञानग्रंथ आणि शिलालेखांचा पुरावा आला. ‘उसनी’ परंपरा सिद्ध किंवा असिद्ध करणे कोणत्याही भारतीय भाषेसाठी कठीणच असल्याने ही दुरुस्ती योग्य म्हणावी लागते. पण निकष बदलल्यावर एकाच दिवशी मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत अशा पाच भाषांना दर्जा मिळाला, तेव्हा तो निवडणुकीच्या तोंडावर वाटला गेला ही टीका होणे अटळ होते. त्यातही ज्या प्राकृतच्या आधारावर मराठीचे वय सिद्ध केले गेले, ती प्राकृत त्याच यादीत स्वतंत्र भाषा म्हणून आली. तेव्हा सातवाहनकाळातील गाथा नेमक्या कोणाच्या खात्यावर मांडायच्या, हा पेच कोणी फारसा उकलला नाही.

निधीबाबत बोलले जाणारे शेकडो कोटींचे आकडे निकषांत कुठेच नाहीत. अभ्यासकांसाठी दरवर्षी दोन आंतरराष्ट्रीय पुरस्कार, एक उत्कृष्टता केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांतील अध्यासने (त्या भाषेसाठीची प्राध्यापकपदे) एवढेच लाभ ठरलेले असून, रक्कम प्रस्ताव आणि अर्थसंकल्पातील तरतुदीनुसार ठरते. शिवाय दर्जा मिळाला म्हणजे लाभ लगेच पदरात पडतात असे नाही. तेलुगूला दर्जा २००८ मध्ये मिळाला. तिचे अभ्यास केंद्र म्हैसूरहून आंध्रातील नेल्लोरला यायला २०१९-२० उजाडले.