जिवंत माणसाची कबर: ताओ साधनेतल्या मरणाची पार्श्वभूमी

1161 साल. उत्तर चीनवर जुर्चेन लोकांच्या जिन घराण्याचा अंमल होता. आजच्या शिआन शहराजवळ, जोंगनान डोंगरांच्या पायथ्याशी, पन्नाशीला टेकलेल्या वांग चोंगयांगने, ताओ या चीनच्या जुन्या धर्मपरंपरेतल्या साधकाने, स्वतःसाठी कबर खणली. आत दहाएक फूट खोल खड्डा, वर मातीचा उंचवटा, त्यावर ‘वेडा वांग’ अशी पाटी आणि चार कोपऱ्यांना रानसफरचंदाची चार झाडं. कबरीचं नाव त्याने ठेवलं ‘जिवंत मेलेल्याची कबर’. तिथे तो दोनेक वर्षं राहिला, आणि ‘जिवंत मेलेला’ हेच पालुपद घेऊन त्याने कविताही केल्या.

आपल्याला इथे साहजिकच आळंदी आठवते. पण ज्ञानेश्वर समाधीत गेले ते कायमचे. वांग मात्र 1163च्या सुमारास कबर बुजवून बाहेर आला, आणि त्याचं खरं काम त्यानंतर सुरू झालं.

मरणाचं हे सोंग वांगने शोधलेलं नव्हतं. त्याच्या मागे हजारभर वर्षांची परंपरा होती, फक्त तिचा हेतू अगदी वेगळा होता. जुन्या ताओ समजुतीनुसार आयुष्याचा हिशोब वर स्वर्गात एका दफ्तरात ठेवला जातो. शरीरातच तीन कीटकासारखे हेर बसलेले असतात आणि दर साठ दिवसांनी एका ठराविक रात्री, माणूस झोपला की, ते वर जाऊन चहाड्या करतात. म्हणून साधक ती रात्र जागून काढत. या दफ्तराला चकवायचा मोठा उपाय म्हणजे ‘शिज्ये’, प्रेतातून सुटका. शवपेटीत स्वतःऐवजी काठी किंवा तलवार ठेवायची. लोकांना प्रेत दिसतं, वर मृत्यूची नोंद होते, आणि माणूस डोंगरात पसार. चौथ्या शतकात गे होंग या ताओ लेखकाने अमरांच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्यात ही सगळ्यात खालची. हान घराण्याच्या सम्राट वूच्या दरबारातल्या ली शाओजुनची कथा तोच सांगतो: पेटी उघडून पाहिली तर आत नुसते कपडे. थोडक्यात, सरकारी कागदावर मेलेला माणूस!

दुसरा धागा याहून जुना, आणि माझ्या मते जास्त खोल. च्वांग-त्झू या प्राचीन ताओ विचारवंताच्या ग्रंथात नानकुओ त्झूची नावाचा माणूस मेजाला टेकून बसलेला आहे. शरीर वाळक्या लाकडासारखं, मन विझलेल्या राखेसारखं. शिष्य चकित होतो, तेव्हा तो म्हणतो की आज मी मला हरवून बसलो. इथे दफ्तर नाही, फसवाफसवी नाही. मरतो तो फक्त ‘मी’. आठव्या शतकात सिमा चंगजन या ताओ गुरूने ‘बसून विसरणं’ या नावाने याची पायरीपायरीने साधना मांडली.

वांगच्या कबरीत हे दोन्ही धागे एकत्र आले, असं मला वाटतं. कबर खरीखुरी होती, पण मेल्याचं भासवून कोणाला फसवायचं नव्हतं. श्रीमंत घरचा हा मुलगा आधी विद्येच्या आणि मग सैनिकी परीक्षांच्या मागे लागला होता, पण मोठं पद हाती लागलं नाही. 1159मध्ये गान्हे गावात त्याला दोन विलक्षण माणसं भेटली, त्यांनी दीक्षा दिली, असं परंपरा सांगते. पुढे घरदार सुटलं. कबरीत पुरला गेला तो हा अपयशी उमेदवार आणि संसारी वांग.

1167मध्ये त्याने आपली झोपडी जाळून टाकली आणि तो शानदोंगला गेला. तिथे मा यू या धनिकाच्या आवारात शंभर दिवस स्वतःला कोंडून घेतलं. अधूनमधून तो मा यू आणि त्याची बायको सुन बूअर यांना नाशपातीचे काप पाठवायचा. तुमचा संसार असाच वेगळा करा, हा त्यातला संकेत. अखेर दोघांनीही घर सोडलं. वांगने सुरू केलेल्या छ्वानजेन या ताओ पंथाच्या सात मुख्य शिष्यांत दोघांचीही गणना होते. भिंतीआड कोंडून घेण्याची ही रीत पंथात पुढेही रुजली. मा यूने ती स्वतः पाळली.

वांग 1170मध्ये कायफेंगला वारला. सातांपैकी छ्यू चूजी 1222मध्ये हिंदुकुशजवळ चंगीझ खानाला भेटला. खानाने अमर होण्याचं औषध मागितलं. आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमरत्वाचं औषध नाही, असं छ्यूने सांगितलं. खान रागावला नाही. उलट पुढच्या वर्षी त्याने छ्यूच्या अनुयायांना करमाफी दिली, आणि पंथाचे मठ उत्तर चीनभर पसरले.