पाच दिवसांत हाडाला कळतं

नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात मी सकाळी चालायला जाते. तिथे सराव करणारी 19 वर्षांची एक मुलगी 5,000 मीटर पळते. गेल्या महिन्यात ती ट्रॅकच्या कडेला बसून नडगी चोळत होती. “काकू, दोन आठवड्यांपासून दुखून राहिली. एक्स-रेत तर काहीच नाही निघालं.”

मी तिच्या नडगीवरून बोट दाबत वरून खाली आले. घोट्याच्या वीतभर वर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बोट टेकलं आणि तिने पाय ओढून घेतला. पळणाऱ्यांच्या नडग्या पुष्कळदा ठणकतात, पण ते दुखणं लांबवर पसरलेलं असतं. बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला गेलेल्या बारीक तड्याचा, संशय घ्यावा लागतो. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये ते बहुतेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. म्हणून तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं आणि सहज विचारलं, पाळी नियमित आहे ना?

“पाच महिने झाले, नाही आली. पण ते तर चांगलंच आहे ना? सीनियर मुली म्हणतात, पाळी थांबली म्हणजे बॉडी तयार झाली.”

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हे वाक्य मी आजवर खेळाडूंकडून, त्यांच्या आयांकडून आणि कोचकडूनही ऐकलं आहे. ते साफ चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते हाडाच्या आत शिरल्याशिवाय कळत नाही.

शाळेतल्या सापळ्यामुळे हाड म्हणजे वाळलेली काठी असा आपला समज होतो. प्रत्यक्षात हाडाची डागडुजी रोज चालू असते आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने बांधला जातो. पळताना पाऊल टेकलं की नडगीचं हाड किंचित वाकतं. हजारो पावलांनंतर त्यात सूक्ष्म तडे पडतात, आणि ते पडणं स्वाभाविक आहे. मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. हाडातल्या 90 टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट नावाच्या आहेत. त्या हाडाच्या पोटात गाडलेल्या असतात आणि केसाहून बारीक नळ्यांतून आपले धागे पसरून एकमेकींचे हात धरून बसलेल्या असतात. हाड वाकलं की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना भार किती आला ते समजतं. तडा गेला की काही धागे तुटतात आणि तिथली पेशी मरते. शेजारच्या पेशी मग रँक-लिगँड नावाचं प्रथिन वाढवतात. त्या हाकेने ऑस्टिओक्लास्ट येतात, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी. त्या हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि तड्यासकट तेवढा भाग खणून काढतात. मागून ऑस्टिओब्लास्ट येतात, ते खड्ड्यात कोलॅजनचे थर रचतात आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात.

इथे वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. खणायला दोन-चार आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. आपल्याकडे सिमेंटचा रस्ता करताना आधी जुना रस्ता फोडतात आणि नवा होईपर्यंत वाहतूक उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून जाते. हाडाचंही तसंच आहे. दुरुस्ती सुरू झाली की ते काही काळ आधीपेक्षा कमजोर असतं. या काळात पळण्याचा भार वाढवला, किंवा भरणारे मजूरच कामावर आले नाहीत, तर बारीक तडे जुळून मोठा तडा होतो.

हे मजूर कामावर का येत नाहीत, ते ताटात बघितलं की कळतं. खेळाच्या वैद्यकशास्त्रात ‘उपलब्ध ऊर्जा’ अशी एक मोजणी आहे. दिवसभरात खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्चलेली वजा करायची आणि उरलेल्याला चरबी सोडून जे वजन राहतं त्याने भागायचं. या मुलीचं वजन 48 किलो. चरबी सोडून 40 किलो धरू. ती रोज 14 किलोमीटर पळते. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे 1 किलोकॅलरी लागते, म्हणजे साधारण 670. तिचं खाणं मी लिहून घेतलं, ते 1,800 भरलं. उरले 1,130. भागिले 40, म्हणजे 28. मेंदू, हृदय, यकृत, हाडं, पाळी, सगळं या 28 मध्ये चालवायचं. निरोगी तरुणीला साधारण 45 लागतात.

ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी याच आकड्यांवर प्रयोग केले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 29 तरुणींना पाच दिवस मोजून जेवण आणि मोजून व्यायाम दिला. उपलब्ध ऊर्जा 45 वरून 30 वर आणली तेव्हाच हाड बांधल्याच्या रक्तातल्या खुणा उतरल्या. ती 10 वर नेली तेव्हा इस्ट्रोजेन घटलं आणि हाड विरघळल्याच्या खुणा वाढल्या. फक्त पाच दिवसांत! त्या मुली खेळाडू नव्हत्या, त्यामुळे 30 ही प्रत्येकीसाठी लक्ष्मणरेषा नाही. कोणाला 32 वर त्रास होईल, कोणी 26 वर काही महिने तग धरेल. पण दिशा पक्की आहे.

शरीर यात आजारी पडलेलं नसतं, ते काटकसर करत असतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस ऊर्जेची आवक बघून जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतो. त्यामागे पिट्यूटरी ग्रंथीचं एलएच हे संप्रेरक मंदावतं, मग बीजांडकोशातलं इस्ट्रोजेन उतरतं आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन ऑस्टिओक्लास्टना आवर घालत असतं, तो आवर सुटतो. इन्सुलिन, आयजीएफ-1 आणि टी-3 ही वाढीची आणि चयापचयाची संप्रेरकं खाली येतात, तेव्हा ऑस्टिओब्लास्ट थंडावतात. खणणं वाढतं आणि भरणं घटतं. ‘तयार’ झालेली बॉडी ती हीच.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली या अवस्थेला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असं नाव दिलं आणि त्यात पुरुषांनाही धरलं. वजन तोडणारे कुस्तीगीर आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांचं टेस्टोस्टेरॉन असंच उतरतं. त्यांना पाळीसारखी दिसणारी खूण नसते, म्हणून ते उशिरा सापडतात. अमेरिकेची मेरी केन 2013 साली 17 व्या वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत धावली. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली.

आपल्याकडे यात उपासांची भर पडते. सोमवार, चतुर्थी, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि सराव तोच. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण पाच दिवसांत काय होतं ते वर लिहिलं आहे. दुसरं म्हणजे, हाड मोडलं की घरात पहिली बंदी आंबटावर येते. “संत्री देऊ नका, हाड जुळत नाही.” आणि हे नागपुरात! कोलॅजनचे धागे एकमेकांत पक्के विणायला सी जीवनसत्त्व लागतंच. संत्र्याने हाड झटपट जुळेल असं मी म्हणत नाही, पण ते बंद करायला काडीचाही आधार नाही. तसंच महागड्या डब्यांचं. या मुलीने दोन हजारांची प्रोटीन पावडर आणली होती आणि रात्रीची पोळी सोडली होती. एकूण ऊर्जाच कमी पडली तर शरीर त्यातलं बरंचसं प्रथिन इंधन म्हणून जाळतं.

तिला कमी पडत होत्या दिवसाला सुमारे 670 किलोकॅलरी. दोन केळी, मूठभर शेंगदाणे, दोन पोळ्या आणि पेलाभर दूध, एवढ्यात ते भागतं. मी हिशेब मांडला तेव्हा ती म्हणाली, “एवढंच?” मग थोड्या वेळाने, “पण काकू, वजन वाढलं तर सर रागावतील.” तिच्या सरांशी मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आठवड्याचा वजनकाटा सध्या बंद केला आहे.

एमआरआयमध्ये तडा निघाला. आठ आठवडे पळणं बंद, मग चालणं आणि पळणं आलटून पालटून. हाड बहुतेक त्यात भरून येईल. पाळी परत यायला कित्येकदा महिनोन्‌महिने लागतात, आणि या वयात साठायची राहिलेली हाडाची घनता पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही.

तिची एक वही आहे. रोजचे किलोमीटर, वेळ सेकंदापर्यंत, पहाटेची नाडी, वजन, झोप, सगळं आखून लिहिलेलं. पाळीचा रकाना नव्हता. परवा तिने पट्टीने रेघ मारून तो केला आणि मला दाखवला. अजून त्यात तारीख नाही.