टांगत्या कुंडीतले दुर्लक्षित फूल

खिडकीत टांगलेल्या कुंडीच्या काठावरून खाली झेपावणारी, वरून चंदेरी पट्ट्यांची आणि खालून गडद जांभळी अशा पानांची वेल एकेकाळी घरोघरी दिसे. वेल म्हणण्याचा आपला प्रघात असला, तरी तिला ना ताणे असतात ना आधार धरून चढण्याची क्षमता. ती फक्त पसरते आणि लोंबते. ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना हे तिचे शास्त्रीय नाव असून मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतचा दमट प्रदेश हे तिचे मूळस्थान आहे. पावसाळ्यात आपोआप उगवणारा केना तिच्याच कुळातला. नव्या, दुर्मीळ पानांच्या झाडांची हौस वाढली तशी ही साधी वेल मागे पडली, याची मला मनापासून खंत वाटते.

ती इतकी पसरली ती तिच्या पेऱ्यांमुळे. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यापाशी मुळे फुटण्याची तयारी असते, त्यामुळे कुणी खुडून दिलेला वीतभर तुकडा पाण्यात ठेवला तरी काही दिवसांत नवे झाड तयार होते. हाच गुण तिच्या पांढऱ्या फुलांच्या बहिणीत, ट्रॅडेस्कॅन्शिया फ्लुमिनेन्सिसमध्ये, उपद्रवी ठरला आहे. न्यूझीलंडच्या जंगलांत ती बी न धरता केवळ खोडाच्या तुकड्यांवर पसरते. जे झाड बियांवाचून इतके फोफावते, त्याच्या फुलाकडे कुणाचे लक्ष जात नाही यात नवल नाही.

ते फूल पाहायचे तर सकाळीच पाहावे लागते. फांदीच्या टोकाशी होडीच्या आकाराच्या दोन छदांमधून, म्हणजे फुलाला झाकणाऱ्या पानांसारख्या भागांमधून, एका वेळी एखाददुसरे गुलाबी-जांभळे फूल डोकावते. तीन पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि आकार नखाएवढा. त्याचे आयुष्य एका दिवसाचे असते. ट्रॅडेस्कॅन्शिया प्रजातीतील फुलांच्या पाकळ्या मिटल्यावर वाळून गळत नाहीत, तर त्यांच्या पेशी पाणी सोडतात आणि पाकळी ओली होऊन विरघळल्यासारखी आक्रसते. फुलात मध नसतो. येणाऱ्या कीटकाला मिळतात ते फक्त परागकण.

भिंगातून पाहिल्यास पुंकेसरांच्या तंतूंवर बारीक केस दिसतात. प्रत्येक केस म्हणजे ओवलेल्या मण्यांसारखी पेशींची एकेरी ओळ. पेशी मोठ्या आणि पारदर्शक असल्यामुळे, त्यांना न कापता, न रंगवता, जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी या प्रजातीच्या केसांमध्ये वाहते पेशीद्रव पाहिले, आणि १८३१ मध्ये पेशीतल्या ज्या गोलाकार भागाला त्यांनी केंद्रक हे नाव दिले, त्याचे वर्णन करताना ऑर्किडच्या जोडीला याच केसांचा दाखला दिला.

विसाव्या शतकात तर या केसांनी मोजमापाचे काम केले. निळ्या आणि गुलाबी रंगांची जनुके एकत्र असलेल्या काही संकरित ट्रॅडेस्कॅन्शियांमध्ये निळा रंग प्रभावी असतो. किरणोत्सारामुळे किंवा घातक रसायनामुळे एखाद्या वाढत्या पेशीतले निळे जनुक बिघडले, की ती पेशी आणि तिच्यापासून पुढे झालेल्या पेशी गुलाबी होतात. फुले उमलली की निळ्या ओळीतल्या गुलाबी पेशी मोजायच्या. झालेल्या इजेचा अंदाज एक-दोन आठवड्यांत मिळतो. अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत या पद्धतीवर मोठे काम झाले. वजनरहित अवस्थेत किरणोत्साराचा परिणाम बदलतो का हे तपासण्यासाठी सप्टेंबर १९६७ मध्ये बायोसॅटेलाइट-२ या उपग्रहातून ट्रॅडेस्कॅन्शियाची रोपे अवकाशात जाऊन परतही आली. ही रोपे आपल्या पट्टेदार वेलीची नव्हेत, तिच्या नातलगांची होती. मात्र केसाळ पुंकेसर हा त्यांचा आणि हिचा सामाईक वारसा आहे.

घरातल्या वेलीला फुले येत नाहीत अशी तक्रार बहुधा प्रकाशाच्या अभावामुळे असते. अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्या पेऱ्यांमधले अंतर वाढते, पट्टे फिकटतात आणि कळ्या धरत नाहीत. भरपूर उजेड, पण दुपारचे कडक ऊन नको, अशी जागा द्यावी आणि जुन्या, बुंध्याशी उघड्या पडलेल्या फांद्या छाटून त्यांचेच शेंडे पुन्हा त्याच कुंडीत खोचावेत. शेंडे वाढीला लागले की छदांच्या जोड्यांवर सकाळी नजर ठेवावी आणि साधे दहापट मोठे दाखवणारे भिंग हाताशी असू द्यावे. जांभळे केस तेवढ्यातही स्पष्ट दिसतात.