दंडाचं हाड आणि बाहेरची सळई

मृगाच्या पहिल्या सरींत डांबरावरचं तेल वर येतं, स्कूटर घसरते आणि म्हापसा, मडगाव किंवा बांबोळीच्या इस्पितळात कुणीतरी दंड धरून दाखल होतो. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सळई घालणार?"

बहुतेकदा गरज नसते. खांदा चहूबाजूंनी फिरतो, त्यामुळे दंडाचं हाड वीसेक अंश वाकडं जुळलं तरी हात तोंडाशी, डोक्याशी पोचतो. अमेरिकेतले सर्जन ऑगस्तो सार्मिएंतो यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की दंडाभोवती प्लास्टिकचा घट्ट पट्टा बांधून कोपर हलता ठेवला, तरी हाड छान जुळतं.

पण हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, जखमेत तांबडी माती गेली असेल, तर गोष्ट वेगळी. अशा जखमेत हाडावर प्लेट, म्हणजे धातूची पट्टी, ठेवली की जंतू धातूवर थर करून बसतात आणि मग औषधांना दाद देत नाहीत. म्हणून मोडलेल्या जागेपासून दूर, चांगल्या हाडात वर दोन आणि खाली दोन पिना रोवायच्या आणि कातडीबाहेर त्यांना दांड्याने जोडायचं. याला म्हणतात एक्स्टर्नल फिक्सेटर. बेल्जियमच्या आल्बाँ लांबोत यांनी १९०२ मध्ये असं यंत्र वापरलं होतं. बघायला भयंकर, पण जखम रोज उघडून धुता येते, ही त्याची खरी किंमत.

यातलं गणित मला फार आवडतं. पिनेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ ऐवजी ५ मिलिमीटरची पिन घेतली की ती जवळजवळ अडीचपट ताठ. मग आणखी जाड का नको? कारण भोक हाडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठं झालं, तर हाड तिथेच मोडायचं.

खरी कसोटी मात्र नसेची, म्हणजे मज्जातंतूची असते. मनगट उचलणारी रेडियल नस हाडाला मागून वेढा घालत कोपराच्या साधारण १० सेंटीमीटर वर बाहेरच्या बाजूला येते, नेमकी खालच्या पिनांच्या वाटेत. म्हणून इथे आंधळेपणाने ड्रिल चालवत नाहीत. छोटा छेद घ्यायचा, स्नायू बाजूला सारायचे, हाड डोळ्यांनी पाहायचं, त्यावर नळी टेकवायची आणि तिच्यातूनच ड्रिल घालायचं, तेही सलाईनचं पाणी सोडत सावकाश. हाड ४७ अंशांच्या वर तापलं तर मरू लागतं आणि पिन सैल होते.

घरी आल्यावर पिनांची मुळं रोज स्वच्छ करायची. देवळाच्या तळीत किंवा समुद्रात डुंबणं बंद. विडी-सिगारेटही बंद, तिने हाड जुळायला उशीर होतो. जखम लवकर निवळली तर सर्जन पंधरवड्याच्या आत फिक्सेटर काढून प्लेट बसवू शकतात. पिनांच्या मुळाशी पू झाला असेल, तर मात्र आधी तो बरा करावा लागतो.