फोटोत न दिसणारा शेंगदाणा

रंकाळ्यावर संध्याकाळी बापाच्या मांडीवर बसून भडंग खाणारं दीड-दोन वर्षांचं पोर दिसलं की माझा जीव टांगणीला लागतो. त्या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात, शेंगदाणा नीट चावला जात नाही. हसता हसता श्वास ओढला गेला की तो थेट श्वासनलिकेत. जोराचा ठसका लागतो, पोर लालबुंद होतं आणि मग शांत. घरच्यांना वाटतं, सुटलं. दोन दिवसांनी खोकला, छातीत घरघर. छातीचा फोटो काढतात, तो नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

इथंच चूक होते. नाणं, सेफ्टी पिन एक्स-रे अडवतात, म्हणून पांढरी उमटतात. शेंगदाणा किरणांना जवळपास मांसासारखाच, त्यामुळे तो बहुधा उठून दिसतच नाही. त्याचा माग काढायचा तो अडकलेल्या हवेवरून.

श्वास घेताना फुफ्फुसातल्या नळ्या किंचित रुंदावतात, सोडताना आवळतात. त्यामुळे दाण्याच्या कडेनं हवा आत शिरते. बाहेर पडायच्या वेळी नळी दाण्याभोवती घट्ट बसते. पंचगंगेवरच्या मोटरीचा फूटवॉल्व्ह पाणी आत घेतो, माघारी सोडत नाही, अगदी तसंच. श्वासागणिक हवा साठत जाते. भरल्या श्वासाच्या फोटोत दोन्ही बाजू सारख्या वाटू शकतात. श्वास सोडल्यावर मात्र निरोगी फुफ्फुस आक्रसून पांढुरकं होतं, अडलेलं काळं, फुगलेलंच राहतं आणि हृदयाला निरोगी बाजूकडे ढकलतं.

पण दोन वर्षांच्या पोराला ‘श्वास सोड’ सांगून काय कळणार? मग त्याला कुशीवर झोपवून फोटो काढतात. अंगाच्या भारानं खालचं फुफ्फुस दबायला हवं. ते फुगलेलंच राहिलं, तर हवा कोंडली आहे. नवं यंत्र नको, औषध नको, नुसती कूस बदलायची! ही युक्ती मला फार आवडते. नळी पूर्ण बंद झाली तर मात्र चित्र उलटं: कोंडलेली हवा रक्तात शोषली जाते आणि फुफ्फुसाचा तो भाग मिटतो.

तरीही हे फोटो चकवतात. सीटी स्कॅनमध्ये दाणा बऱ्याचदा दिसतो, पण त्यात किरणांचा डोस साध्या फोटोपेक्षा खूप जास्त. दृष्ट काढण्यात, अंगारा लावण्यात दिवस गेले, तर दाण्यातल्या तेलानं नळीचं अस्तर सुजतं आणि काम अवघड होतं. म्हणून ‘शेंगदाणे खाताना ठसका लागला होता’ एवढं आईनं सांगितलं, तर फोटो स्वच्छ असूनही डॉक्टर भूल देऊन दुर्बिणीनं श्वासनलिका तपासायचं ठरवू शकतात, आणि दाणा सापडला तर त्याच वाटेनं चिमट्यानं काढतात.