पिस्टन मागे गेला, तेल वर आलं

कॉलेज रोडच्या सिग्नलला ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, कानात घुसणारी ‘चीं’ यायची. मी आठवडाभर गाणी मोठ्यानं लावून ती टाळली. हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बऱ्याच ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅडचा घासणारा थर नवा असताना दहा-बारा मिलिमीटर असतो. तो दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला टेकते आणि ओरडते.

नाशिककराच्या पॅडला काम कमी नाही. मुंबईला निघालं की इगतपुरीनंतर कसारा घाट, गाडी जवळपास ३०० मीटर खाली उतरते. माणसं-सामान धरून १२०० किलोची गाडी असेल, तर या उतारात साधारण ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ११ लीटर पाणी उकळीला येईल! सपाट रस्त्यावर ताशी ८० वरून थांबताना जेमतेम लीटरभराची उष्णता होते, आणि वेग निम्मा असेल तर त्याच्या चौथाई. म्हणून घाटात खालचा गिअर टाकायचा, थोडा भार इंजिनवर जातो. नाहीतर पॅड इतका तापतो की त्यातलं राळेसारखं बंधक द्रव्य वायू सोडतं आणि पकड सुटायला लागते.

पॅड घरीच बदलायचं ठरवलं. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मागच्या चाकांना दगड लावले, जॅकनं उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन पॅड डिस्कच्या दोन्ही बाजूंना धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला, जुने पॅड निघाले. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

खरी गंमत पुढं. कॅलिपरमध्ये ऑइलच्या दाबानं पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या असतो, तो पिस्टन. पॅड झिजत जातो तसा पिस्टन पुढं सरकत असतो. त्याच्याभोवती चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर पिळते आणि पाय उचलला की सरळ होऊन त्याला केसभर मागं ओढते. झीज रिंगच्या ताणापेक्षा जास्त झाली की पिस्टन तिच्यातून थोडा पुढं घसरतो आणि तिथंच राहतो. मागच्या रिकाम्या जागेत ब्रेक ऑइल भरतं, त्यामुळे बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरते. काही महिन्यांपूर्वी ती उतरलेली पाहून मी हुशारीनं वरपर्यंत ऑइल भरलं होतं. आता जाड पॅड बसवायला सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्यानं, पिस्टन मागं दाबला आणि डबी उतू गेली.

“अहो, पुसत काय बसलात, पाणी ओता!” शेजारचे काका बादली घेऊन धावले. ते बरोबर होते. हे ऑइल ग्लायकोलचं असतं, रंग खातं, पण पाण्यात विरघळतं. हवेतली ओल शोषण्याचीही त्याला खोड. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश लागतो. पाणी मुरलं की १५५ पर्यंतही उतरू शकतो. मग घाटात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं.

चाक बसवून ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. घाबरायचं नसतं. पिस्टन मागं ढकललेला असतो, आणि पेडलच्या एका दाबात येणारं थोडंसं ऑइल त्या रुंद पिस्टनला थोडंच पुढं आणतं. पाच-सहा वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झालं. ते होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

उजवे पॅड अर्धे शिल्लक होते, तरी बदलले. नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. पण डावा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा इतका झिजलेला का? पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. बाहेरचा पॅड डिस्कवर यायला अख्खा कॅलिपर पिनांवर सरकावा लागतो. एक पिन गंजून जाम झाली होती. डावं चाक पुन्हा काढलं.